काकांनी लिहिलेलं वाक्य कुठे गेलं?

पोस्ट लांब आहे. पण नळाला पाणी आलं नाही तर दोष कोणाच्या डोक्यावर जातो, याच्याशी तिचा संबंध आहे. म्हणून वेळ काढून वाचा ही विनंती.

आधीच सांगतो, योजनेचं, गावाचं किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. कमेंटमध्येही विचारू नका. तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या तरी योजनेत आजही चालू असू शकतं. नाव सांगणं म्हणजे कोणाच्या घराची कडी मोडकी आहे हे चौकात ओरडून सांगण्यासारखं होईल. मला घरफोडीला मदत करायची नाही, कडी दुरुस्त व्हायला हवी एवढंच म्हणायचं आहे.

माझं वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. सीसीटीव्ही बसवतो, प्रिंटर सुधारतो. शिवाय आपल्या जिल्ह्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेच्या कंट्रोल रूममधले दोन कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. मशीन चालू ठेवायच्या, अँटिव्हायरस बघायचा, इंटरनेट गेलं तर धावायचं. त्यावर चालणारं सॉफ्टवेअर माझं नाही, ते बाहेरच्या पुरवठादाराचं. मोठ्या स्क्रीनवर टाकीत पाणी किती, कोणता पंप चालू, कोणता बंद, दाब किती, सगळं रंगीत दिसतं. पाहुणे आले की साहेब लोक आधी ती स्क्रीन दाखवतात. खाली ऑपरेटरने शेरा लिहायची एक चौकट आहे. ही गोष्ट त्या चौकटीची आहे.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. एका भागात दोन दिवस पाणी पोहोचलं नाही. बाया गुंड घेऊन ऑफिसवर आल्या. चौकशी झाली, आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरला नोटीस निघाली. पंप क्रमांक २ चा बिघाड वेळेत नोंदवला नाही, खुलासा सात दिवसांत द्या. खुलासा येईपर्यंत ड्युटी बंद.

ऑपरेटर म्हणजे पन्नाशीचे एक काका. कंत्राटी. ड्युटी बंद म्हणजे त्या दिवसांचा पगार बंद. ते माझ्या दुकानात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, म्या लिवलं होतं ना. पंप दोन बंद केला, बेअरिंगचा आवाज येऊन राह्यला, सकाळी मेकॅनिक पाठवा, सगळं लिवलं होतं. माह्या हातानं टाईप केलं. आता मले काय मालूम कुठं गेलं ते."

खरं सांगतो, मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. मनात म्हटलं, रात्री डुलकी लागली असेल, लिहायचं राहून गेलं असेल, आता कबूल करायला लाज वाटते. मी त्यांना चहा पाजला आणि 'बघतो काका' म्हणालो. स्क्रीनवर त्या रात्रीच्या शेऱ्यात दोनच शब्द होते, 'टाकी लेव्हल'. बस. पुढे कोरं. माणूस खोटं बोलू शकतो, स्क्रीन कशाला बोलेल, असं साहेबांना वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं.

दोन दिवसांनी प्रिंटरच्या कामासाठी कंट्रोल रूमला गेलो. काकांना 'बघतो' म्हटलं होतं म्हणून ते पान उघडलं आणि सहज राइट क्लिक करून पानाचा मूळ मजकूर पाहिला. ब्राउझर पान रंगवायच्या आधी त्याला जे कच्चं लिखाण मिळतं, ते तिथे दिसतं.

तिथे काकांचा पूर्ण शेरा होता. पंप दोन, बेअरिंगचा आवाज, मेकॅनिक. एक शब्दही कमी नाही.

मग स्क्रीनवर का नव्हता? काकांनी लिहिलं होतं, टाकीची लेव्हल अर्ध्यापेक्षा कमी. पण ऑपरेटर लोक घाईत असतात, पूर्ण वाक्य लिहीत नाहीत. त्यांनी 'लेव्हल' लिहून शाळेतलं 'पेक्षा लहान' चिन्ह टाकलं, ते कावळ्याच्या चोचीसारखं, आणि त्याला चिकटून इंग्रजी अक्षरांत 'हाफ' लिहिलं. आता घोळ असा की वेबपानाच्या भाषेत नेमकी तीच चोच म्हणजे 'इथून पुढे वाचायचा मजकूर नाही, ही ब्राउझरला सूचना आहे' अशी खूण असते. चोचीला चिकटून इंग्रजी अक्षर आलं की ब्राउझर त्याला सूचना समजतो आणि चोच बंद होईपर्यंतचं सगळं त्या सूचनेत जमा करतो. 'हाफ' नावाची सूचना त्याला माहीत नाही, म्हणून तो चूपचाप पुढे जातो. एरर नाही, लाल रंग नाही. काकांचं वाक्य ब्राउझरने गिळलं आणि पान आपलं नेहमीसारखं सुंदर दिसत राहिलं.

मी तिथेच कपाळाला हात लावून बसलो. काकांना मनातल्या मनात खोटारडं ठरवून मोकळा झालो होतो ना.

पण लगेच दुसरा विचार आला आणि त्याने घाम फुटला. काकांनी चुकून लिहिलेला शब्द ब्राउझर सूचना म्हणून घेतो, तर कोणी मुद्दाम खरी सूचना लिहिली तर? मी चाचणीसाठी एक शेरा टाकला. 'टेस्ट' हा शब्द, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांच्या निरुपद्रवी खुणा. सेव्ह केलं. खुणा गायब, आणि 'टेस्ट' ठळक अक्षरांत समोर. तो शेरा मी पुसला आणि तिथेच थांबलो. यापुढे जाण्याची ना मला गरज होती, ना परवानगी.

या दोषाला नाव आहे, स्टोअर्ड क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग. नाव अवघड आहे, प्रकार सोपा आहे. आपल्याकडच्या कोतवालाची दवंडी आठवा. तहसीलमधून कागद आला की कोतवाल गावात फिरून तो वाचायचा. लोक ऐकायचे, कारण आवाज सरकारचा. समजा कोणी त्या कागदाच्या तळाशी हळूच एक ओळ घुसडली, 'आणि सर्वांनी आपापल्या पेटीच्या चाव्या चावडीवर आणून द्याव्यात.' कोतवालाने विचार न करता तीही वाचली, तर भोळी माणसं चाव्या घेऊन निघतील. त्यांची चूक काय? हुकूम सरकारी आवाजात आला. इथे कोतवाल म्हणजे सॉफ्टवेअर आणि गावकरी म्हणजे ब्राउझर. 'स्टोअर्ड' म्हणजे ती ओळ एकदाच घुसडायची. कागद चावडीच्या फळ्यावर लागून राहतो आणि येणारा प्रत्येक जण तो हुकूम पाळत जातो.

आता कंट्रोल रूममध्ये हे जास्त घातक का, ते बघा. शेरा लिहिणारा सगळ्यात खालचा माणूस असतो. काही ठिकाणी तर लोकांनी मोबाइलवरून केलेली तक्रारही त्याच स्क्रीनवर येते, म्हणजे लिहिणारा कोणीही असू शकतो. पण वाचणारा कोण? इंजिनिअर, ॲडमिन. अलार्मची मर्यादा बदलण्याचा, नवीन युजर बनवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो. त्याचं लॉगिन चालू असतं, स्क्रीन चोवीस तास उघडी असते. घुसडलेली सूचना त्याच्या ब्राउझरमध्ये त्याच्या अधिकाराने चालते. पासवर्ड चोरायची गरज नाही. फायरवॉल काही करू शकत नाही, कारण काम करणारा ब्राउझर आतच बसलेला आहे. टाकी रिकामी असताना भरलेली दाखवता येईल, अलार्म मुका करता येईल. आणि सकाळी नोटीस कोणाला? रात्रपाळीच्या काकांना.

हे काही आपल्याच जिल्ह्याचं दुर्दैव नाही. या प्रकारचा इशारा अमेरिकेतल्या सर्ट संस्थेने २ फेब्रुवारी २००० रोजीच दिला होता. ४ ऑक्टोबर २००५ ला सॅमी कामकार नावाच्या पोराने मायस्पेस या तेव्हाच्या मोठ्या साइटवर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये अशी एक सूचना लिहून ठेवली. जो ते प्रोफाइल बघेल तो आपोआप सॅमीचा मित्र होणार, आणि ती सूचना त्याच्याही प्रोफाइलला चिकटणार. वीस तासांच्या आत दहा लाखांवर लोक त्याचे 'मित्र' झाले. त्याने ते गमतीत केलं होतं, तरी पुढे खटला झाला. त्याला वीस वर्षं होऊन गेली. तरीही २०२४ मध्ये जगातल्या सर्वांत घातक २५ सॉफ्टवेअर चुकांची जी यादी माइटर या संस्थेने काढली, तिच्यात पहिल्या नंबरावर हीच चूक आहे.

मोठ्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्येही ती सापडते. ग्राफाना हे मॉनिटरिंग डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. २०१४ मध्ये टॉर्केल ओडेगार्ड या स्वीडिश माणसाने ते सुरू केलं, आणि ते कोणालाही फुकट घेता येतं. जुलै २०२२ मध्ये त्याच्या अलार्मच्या भागात हाच दोष निघाला, क्रमांक सीव्हीई-२०२२-३१०९७. 'एडिटर' दर्जाचा माणूस ॲडमिनला एका लिंकवर क्लिक करायला लावून स्वतः ॲडमिन होऊ शकत होता. पुढे २०२३ मध्ये नकाशा दाखवणाऱ्या भागात तसाच दोष सापडला. नकाशाच्या कोपऱ्यात 'नकाशा कोणाचा' असं श्रेय लिहिलेलं असतं ना, ती बारीक ओळ नीट धुऊन-पुसून दाखवली जात नव्हती.

पण त्यांनी काय केलं ते बघा. दोष जाहीर केला, क्रमांक दिला, कोणत्या आवृत्तीत आहे आणि कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला ते लिहिलं. २०२२ च्या दोषासाठी ९.०.३ आणि ८.५.९ अशा नवीन आवृत्त्या काढल्या. ज्याच्याकडे ते आहे त्याने आपला आकडा बघायचा आणि अपडेट करायचं. आमच्या कंट्रोल रूमच्या सॉफ्टवेअरला आवृत्तीचा आकडाच नाही. फक्त वर पुरवठादाराचा लोगो आणि 'स्वागतम्'.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट लिहायचा मला अधिकार नाही.

मी त्याच दिवशी पुरवठादाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "ऑपरेटरला सांगा ना, ती खूण वापरू नका म्हणून." मी म्हटलं, प्रश्न खुणेचा नाही, तुमचं सॉफ्टवेअर लिहिलेलं लिहिल्यासारखं दाखवत नाही. तर त्याचा सूर बदलला. "तुम्हाला टेस्टिंग करायला कोणी सांगितलं? लेखी परवानगी आहे का?"

मी घाबरलो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधलं कलम ४३ आणि कलम ६६ डोळ्यांसमोर आलं. परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये हात घातला, आणि तो अप्रामाणिकपणे घातला असं ठरलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू वाईट नव्हता, पण हेतू कोर्टात सिद्ध करायला वकील लागतो, आणि माझं दुकान केवढं ते मला माहीत आहे. बायको म्हणाली, "कायले पडता दुसऱ्याच्या भानगडीत?" मी गप्प बसलो. एकूण अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत काकांच्या खुलाशाची मुदत संपली. त्यांनी हाताने लिहिलेला खुलासा दिला होता, 'मी नोंद केली होती'. पुरावा काही नाही. पुरावा माझ्याकडे होता, आणि मी प्रिंटर सुधारत होतो.

बाराव्या दिवशी काकांची मुलगी दुकानात आली. कॉलेजच्या फॉर्मची झेरॉक्स काढायची होती. पैसे देताना तिने विचारलं, "दादा, बाबांचं काही समजलं का?" मी 'नाही' म्हणालो. ती गेली. मग मात्र राहवलं नाही. त्या पानाच्या मूळ मजकुराची प्रिंट काढली, काकांना सोबत घेतलं आणि सरळ साहेबांकडे गेलो.

साहेब भले माणूस निघाले. आधी चिडले, मग प्रिंट दोनदा वाचली. म्हणाले, "म्हणजे यांनी लिहिलं होतं, आणि आपल्यालाच दिसलं नाही?" नोटीस मागे घेतली. काका ड्युटीवर आले. पण मधल्या दिवसांचा पगार मिळाला नाही. कंत्राटी माणसाला 'काम नाही तर दाम नाही'. काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. "हाव भाऊ, झालं ते झालं," एवढंच म्हणाले. तेच जास्त लागलं.

आणि पुरवठादाराने काय दुरुस्ती केली? शेऱ्याच्या चौकटीत ती चोच टाइप केली की 'हे चिन्ह चालणार नाही' असा निरोप येतो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत. पुढच्या दाराला कुलूप लावलं आणि मागचं उघडं ठेवलं. ब्राउझरला वळसा घालून सरळ सर्व्हरकडे मजकूर पाठवता येतो, तिथे ही चौकट आडवी येत नाही. खरा इलाज दाखवताना करायचा असतो. जे लिहिलं ते जसंच्या तसं साठवा, पण पानावर मांडताना त्या चोचीच्या जागी 'हे फक्त अक्षर आहे' असं ब्राउझरला सांगणारा पर्यायी संकेत द्या. म्हणजे काकांचं 'लेव्हल हाफपेक्षा कमी' पूर्ण दिसेल आणि कोणाची सूचनाही चालणार नाही. आजकालच्या बहुतेक चांगल्या फ्रेमवर्कमध्ये हे आपोआप होतं. मुद्दाम बंद केलं नाही तर.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिन्हावरून एवढी लांब पोस्ट. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. मुंबईची वीज गेली, लोकल जागेवर थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आणि ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताचा संशय बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, ती मानवी चूक होती. कोण बरोबर यात मी पडत नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण 'मानवी चूक' हे दोन शब्द वाचले की मला आता काका दिसतात. चूक माणसाची की मशीनची, हे शेवटी नोंदीवरूनच ठरतं. आणि नोंद दाखवणारी स्क्रीनच कोणाच्याही सांगण्यावरून काहीही दाखवायला तयार असेल, तर दोष नेहमी शेवटच्या माणसावर येणार. कारण त्याच्याकडे लोगो नसतो.

म्हणून ग्रामपंचायत, नगर परिषद, पाणीपुरवठा योजना, दवाखाने, बाजार समित्या, जिथे जिथे अशी स्क्रीन आली आहे किंवा येणार आहे, तिथल्या सदस्यांना आणि नागरिकांना माझं सांगणं आहे. टेंडरमध्ये स्क्रीनचा इंच विचारता ना, मग हेही विचारा:

१) सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, आणि दोष निघाला तर किती दिवसांत दुरुस्त करून देणार? हे लेखी घ्या.

२) काम ताब्यात घेण्याआधी बाहेरच्या तपासणीदाराकडून सुरक्षा तपासणी झाली का? सर्ट-इनच्या यादीत मान्यताप्राप्त तपासणीदार आहेत, ती यादी सगळ्यांना बघता येते.

३) ऑपरेटर, मेकॅनिक किंवा नागरिक यांना दोष दिसला तर तो कोणाला सांगायचा? एक नाव, एक नंबर भिंतीवर लावा. सांगणाऱ्याला 'परवानगी होती का' विचारण्याआधी 'धन्यवाद' म्हणा.

४) स्क्रीनवरच्या नोंदीवरून कोणाला नोटीस काढण्याआधी डेटाबेसमधली मूळ नोंद तपासा.

आणि माझ्यासारख्या दुकानदार पोरांसाठी. दोष दिसला तर खेळत बसू नका, पुढे घुसू नका. तारीख-वेळ लिहून ठेवा, पुरावा जपा आणि लेखी कळवा. पुरवठादार ऐकत नसेल तर सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था असे दोष कळवून घेते. ती २००४ पासून काम करते, तिचा टोल फ्री नंबर १८००-११-४९४९. खरोखर हल्ला झाला असेल, तर २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संस्थेने सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. मी सर्ट-इनला कळवलं आहे. पण ते अकरा दिवस उशिरा कळवलं, आणि त्या अकरा दिवसांची किंमत मी नाही, काकांनी मोजली.

काका आता शेरा दोन ठिकाणी लिहितात. एकदा कॉम्प्युटरवर, आणि एकदा शंभर पानी वहीत, निळ्या पेनाने, खाली वेळ आणि सही. परवा मी गेलो तर वही दाखवून म्हणाले, "भाऊ, हे काही गिळत नाही बरं."

पटलं तर तुमच्या गावच्या सरपंचाला, नगरसेवकाला नक्की पाठवा.